मौनीबुवांची रेकॉर्ड

"बाबा, तुम्हाला हे गाणं खरंच आवडतं का हो?"

माझ्या मुलीने, लतिकेने, एका रविवारी सकाळी एवढंच विचारलं. त्यापायी पुढच्या पाच आठवड्यांत मला कानाच्या डॉक्टरकडे, मग जन्म-मृत्यूच्या कचेरीत आणि शेवटी गळ्यात हार घालून एका व्यासपीठावर जावं लागलं. मुलांना प्रश्न विचारायला उत्तेजन द्यावं असं शिक्षणतज्ज्ञ म्हणतात. त्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुलगी नसावी.

'हे गाणं' म्हणजे मौनीबुवांचं गाणं. आमच्या घरी एक चावीचा ग्रामोफोन आणि एकच रेकॉर्ड. दर रविवारी सकाळी सात वाजता ग्रामोफोनला चावीचे बावीस फेरे द्यायचे, नवी सुई लावायची आणि बुवांना सुरू करायचं, हा माझ्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, नेम. ते पासष्ट साली गेले आणि नेम माझ्याकडे आला. मी त्र्याहत्तर सालची हकीकत सांगतोय, म्हणजे आठ वर्षं तो मी एकही रविवार न चुकवता पाळला होता. दुसऱ्या बाजूला काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण ती बाजू लावायची नाही अशी दादांची सक्त ताकीद होती.

बुवांचा आवाज खर्जातला. इतका खर्जातला की कपाटातल्या कपबशा हलायच्या. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जायचं झालं की बुवा मध्ये जरा टेकत. शब्द कोणालाही कळत नसत. आमच्या गल्लीतल्या शास्त्रीबुवांनी तीन रविवार कान देऊन निर्णय दिला होता, की हे गाणं शब्दांच्या पलीकडे गेलेलं आहे. शेवटी साथीची वाद्यं थांबत आणि बुवा एकटेच काहीतरी घुमल्यासारखं बोलत. तो आशीर्वाद असावा असं धरून आम्ही सगळे हात जोडत असू.

रेकॉर्डवर कागदाची चकती नव्हती. बुवांना प्रसिद्धीचा तिटकारा होता म्हणून त्यांनी ती स्वतः खरवडून काढली, असं दादा सांगायचे. गाणाऱ्या माणसाचं नाव मौनीबुवा कसं, हेही कोणीतरी एकदा विचारलं होतं. ही एवढी एक रेकॉर्ड दिली आणि मग त्यांनी मौन धरलं, असं दादांचं उत्तर होतं. ते गल्लीला पटलं. मला आता वाटतं, की आमची गल्ली जरा लवकरच पटवून घेणारी होती.

ह्या एका रेकॉर्डवर मी आमच्या उभ्या धंतोली वस्तीत रसिक म्हणून ओळखला जायचो. कचेरीत गाण्याचा विषय निघाला की "अनंतरावांना विचारा" असं म्हणत. मीही डोळे मिटून जरा मान हलवायचो आणि "आता ते गाणं राहिलं नाही" एवढंच बोलायचो. रसिक माणसाला यापेक्षा जास्त बोलावं लागत नाही, हा माझा अनुभव आहे.

तर लतिकेच्या प्रश्नाला मी म्हणालो, "अगं, आवडतं म्हणजे काय!"

ती समाधानाने वेणी घालायला निघून गेली. मी मात्र समाधानाने बसू शकलो नाही. वीस वर्षं सरकारी नोकरीत हेडक्लार्क असलेल्या माणसाला उत्तर कोणतं आणि उत्तरासारखं दिसणारं कोणतं हे कळतं. मी स्वतः दुसऱ्या प्रकारची हजारेक लिहिलेली आहेत. मी माझ्याच मुलीला तसलं एक दिलं होतं.

म्हणून पुढच्या रविवारी मी स्वतःवर बारीक लक्ष ठेवून ऐकायला बसलो. पहिल्या मिनिटाला मनात आलं, पोहे गार होऊन राहिले. दुसऱ्या मिनिटाला सायकलचं मागचं चाक आठवलं. तिसऱ्या मिनिटाचं काही सांगता येत नाही, कारण मला डुलकी लागली होती. मध्येच जाग आली ती स्वयंपाकघरातल्या आवाजाने. आई तांदूळ निवडताना नेहमीचं गुणगुणत होती. तिची अशी एक उडत्या चालीची गुणगुण होती, शब्दांशिवायची. माझ्या लहानपणापासून ती कामाला बसली की सुरू व्हायची, आणि बुवांच्या वेळी तर हटकून.

"आई," मी ओरडलो, "बुवा सुरू आहेत!"

"बरं बाबा," आई म्हणाली आणि गप्प झाली. आठ वर्षं मी दर रविवारी तिला असंच गप्प करत होतो.

त्या दिवशी जेवताना मी बायकोपाशी मन मोकळं केलं. "चारुशीला, मला वाटतं, मला बुवांचं गाणं आवडत नाही."

"मग लावू नका," ती भात वाढत म्हणाली. "मला तरी कुठे आवडतं?"

"कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. रविवार होता."

एकोणीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिने एकदाही बोलून दाखवली नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही डोळे मिटून इतके तल्लीन व्हायचे, मला वाटलं आपल्यालाच काही समजत नाही." वर आणखी भात वाढला.

मग मी एक धाडस केलं. त्यापुढच्या रविवारी रेकॉर्ड लावलीच नाही. सात वाजले, सव्वासात वाजले. पोहे गरम होते. खिडकीतून चिमण्यांचा आवाज येत होता, तो मी त्या घरात त्या वेळी पहिल्यांदाच ऐकला. माझा तिसरा घास तोंडात जायच्या आत दार वाजलं. दारात समोरच्या घरातले चंपतराव उभे, हातात भरलेला तांब्या.

चंपतराव मूळचे काटोलकडचे. तिकडची संत्र्याची बाग भाऊ बघतो. स्वतः खापरखेड्याच्या पॉवर हाउसमधून रिटायर होऊन आमच्या समोर राहतात. मला त्यांनी चड्डीत असल्यापासून पाहिलेलं असल्यामुळे माझ्या हुद्द्याचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही.

"काहून गा अनंता, आज बुवा काहून नाही?"

"जरा... विश्रांती दिली आज."

"तू विश्रांती देऊन राहिला, आन् इथं माह्यं पोट अडून राहिलं ना! पस्तीस साल झाले. बुवाचा आवाज आला का मी उठतो. बुवा संपते तवा माह्यंही काम होते. आज अर्धा घंटा तांब्या घेऊन बसून आहो. पोट म्हणते, पहिले बुवा आन."

एका थोर गायकाची साधना या कामी येत होती हे मला ठाऊक नव्हतं. पण चंपतरावांचा चेहरा पाहून मला राहवलं नाही. मी रेकॉर्ड लावली, ते लगबगीने गेले, आणि अर्ध्या तासाने मोकळ्या चेहऱ्याने परत आले, तेव्हा मी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. हे मी करायला नको होतं. मराठी माणसाने आपली अडचण एक वेळ वर्तमानपत्रात छापावी, शेजाऱ्याला सांगू नये. वर्तमानपत्रवाले निदान उपाय सुचवत नाहीत.

"आवडत नाही म्हंजे कानात मळ असन," चंपतराव म्हणाले. "कान दाखव."

आमच्या धंतोलीत दर दुसऱ्या घरावर डॉक्टरची पाटी आहे, त्यामुळे उपायाला लांब जावं लागत नाही हे आणखी एक दुर्दैव. कानाच्या डॉक्टरकडे यवतमाळ-चांद्याहून आलेल्या माणसांच्या रांगेत मी दोन तास बसलो. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या कानात ज्वारीचा दाणा गेला होता. त्याने मला विचारलं, "तुमच्या कानात काय गेलं जी?" मी म्हणालो, "गाणं." त्याने सहानुभूतीने मान हलवली.

डॉक्टरांनी माझ्या कानात बत्ती टाकून पाहिलं, लोखंडी चिमटा वाजवून कपाळाला टेकवला आणि विचारलं, "त्रास काय आहे?"

"एक गाणं आवडत नाही."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. मग चिठ्ठी पुढे ओढून म्हणाले, "एका कानाने आवडत नाही की दोन्ही?"

मी प्रामाणिकपणे दोन्ही म्हणून सांगितलं. कान उत्तम आहेत असं म्हणून त्यांनी तरीही थेंब लिहून दिले. ते मी दहा दिवस घातले. आवडीत काही फरक पडला नाही.

थेंबांचा उपयोग होत नाही म्हटल्यावर चंपतरावांनी दुसरा उपाय काढला. "अनंता, मानसाले जबाबदारी पडली का आवड आपोआप लागते. माह्यं लग्न पाह्य. तुले आपन अध्यक्षच करून टाकू."

त्या संध्याकाळी 'मौनीबुवा स्मृती समारोह समिती' स्थापन झाली. गल्लीतल्या शाळेचा हॉल ठरला, रविवारी सकाळी दहाची वेळ ठरली. कार्यक्रम असा: ग्रामोफोनपुढे माईक ठेवून बुवांचं गाणं, मग 'बुवांच्या गाण्याने मला काय दिले' या विषयावर माझं भाषण, मग 'रसिकाग्रणी' म्हणून माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मी हात जोडले, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

"चंपतराव, मला जमणार नाही. मी खोटं कसं बोलू?"

चंपतराव गंभीर झाले. "अनंता, कार्यक्रम तुह्यासाठी नाही गा. विश्वनाथपंतासाठी हाय. त्या मानसानं सदतीस साल गल्लीले बुवा आयकवला. आता त्याचाच पोरगा म्हनन का मले आवडत नाही, त लोक काय म्हनतीन? म्हनतीन, विश्वनाथपंताच्या घरातच बुवा टिकला नाही."

दादांनी आयुष्यात हौस अशी एकच केली, ती ही. त्यांना ना पानाचा नाद, ना पत्त्यांचा. बुवांचं गाणं लागलं की ते माझ्याकडे बघत बसायचे. भर सभेत खोटं बोललो तर दादांच्या नावाने खोटं बोलल्यासारखं होणार, आणि खरं बोललो तर त्यांचं एवढं एक सुख लोकांसमोर मोडीत काढल्यासारखं होणार. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. सायकलचं मागचं चाकसुद्धा आठवलं नाही.

त्यात लाउडस्पीकरच्या परवानगीचं प्रकरण निघालं. अर्जात एक रकाना होता: 'गायकाचे नाव, हयात असल्यास संमतीपत्र, नसल्यास मृत्यूचा दाखला.' मी जन्म-मृत्यूच्या कचेरीत गेलो. खिडकीपलीकडचा कारकून टेबलावर पाय घेऊन संत्रं सोलत होता.

"मयताचं नाव?"

"मौनीबुवा."

"मेल्याची तारीख?"

"माहीत नाही."

"तारीख नाही म्हणजे मेले नाहीत. संमतीपत्र आणा."

"ते कुठे असतात तेच माहीत नाही हो. आणि असले तरी बोलत नाहीत. मौन आहे."

"मौनात सही करता येते," कारकून म्हणाला आणि एक फोड तोंडात टाकली.

संताप यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मला कौतुकच वाटलं. इतक्या थोड्या शब्दांत माणसाला परत पाठवणं मला वीस वर्षांत साधलेलं नाही. शेवटी मी त्याच्याच बाजूला उभं राहून, एक कारकून दुसऱ्या कारकुनाशी बोलतो तसं विचारलं, की काय लिहिलं म्हणजे चालेल. तो म्हणाला, "गायक मनुष्य नसून यंत्र आहे असं लिहा." मी लिहिलं. गायकाचे नाव: ग्रामोफोन. परवानगी दुसऱ्या दिवशी मिळाली.

मग चंपतरावांच्या मनात आलं की यंत्र जुनं आहे, भर सभेत अडकलं तर समितीची अब्रू जाईल. मी ग्रामोफोन सायकलच्या कॅरिअरला बांधून इतवारीत कवडूकडे नेला. कवडू शिलाईची मशीन, स्टोव्ह आणि ग्रामोफोन एकाच पेचकसाने दुरुस्त करतो. दोन दिवसांनी आणायला गेलो तेव्हा खूष होता.

"मस्त मशीन हाय जी साहेब. तेल-पानी केलं. आता पाहा कशी पयते! आत एक काडी फसून होती, तेवढी काढली."

त्याने एक काडेपेटीतली काडी माझ्या हातावर ठेवली. जुनी, तेलाने काळी झालेली. मी ती सदऱ्याच्या खिशात टाकली, कारण नीटनेटक्या माणसाला दुसऱ्याच्या दुकानात कचरा टाकता येत नाही.

"घरी एक डाव लावून पाहा जी," कवडू म्हणाला.

ते मी पाहिलं नाही. बुवांची रेकॉर्ड रविवारी सातलाच लागते, अधेमधे नाही, हे एक कारण. दुसरं कारण मनातल्या मनात मला माहीत होतं. एक आठवडा सुटका मिळाली होती, ती मला घालवायची नव्हती.

त्या रविवारी सातचा नेम समारोहासाठी दहावर ढकलला होता. समारोहाला दीडशे माणूस जमलं. बुवांचा फोटो नसल्यामुळे चंपतरावांनी हार ग्रामोफोनला घातला आणि दुसरा मला. पहिल्या रांगेत शास्त्रीबुवा, त्यांच्या शेजारी माझी आई, चारुशीला आणि लतिका. माझ्या खिशात चार पानी भाषण होतं. त्यात 'अनिर्वचनीय' हा शब्द सहा वेळा आला होता, कारण जे सांगता येत नाही ते का सांगितलं नाही असं कोणी विचारत नाही.

चंपतरावांनी प्रास्ताविकात माझ्या घराण्याची आणि स्वतःच्या पोटाची माहिती दिली. मी उठलो, बावीस फेरे दिले, सुई टेकवली आणि सवयीने डोळे मिटले.

आधी नेहमीची खरखर. आणि मग तबला असा काही कडाडला की मी डोळे उघडले. सारंगी पळत सुटली. तिच्यामागून एक बाई, वीस-बावीस वर्षांची असावी, खणखणीत आवाजात ठसक्यात गाऊ लागली:

"हळू वाजवा कडी सजणा, सासरा माझा जागा..."

लाउडस्पीकर चांगला होता, शब्द न् शब्द गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. गाण्यातल्या बाईने आधी सजणाला कडी हळू वाजवायला सांगितलं, मग चपला हातात घ्यायला, मग मागच्या दाराने यायला. शास्त्रीबुवा शब्दांच्या पलीकडे होते ते एकदम अलीकडे आले आणि उठून उभे राहिले. चंपतराव माझ्या कानाशी येऊन, "हे कोन बाई हाय गा? बुवा कुठी गेला?" असं विचारत होते.

मला उठून यंत्र बंद करायला हवं होतं. अध्यक्ष म्हणून, मुलगा म्हणून, निदान हेडक्लार्क म्हणून. पण माझा उजवा पाय ठेका धरून बसला होता. तो माझ्या परवानगीशिवाय चालला होता, आणि अंगावर काटा आला होता. माझ्या त्रेचाळीस वर्षांत रविवार कितीतरी झाले असतील, पण ह्या रेकॉर्डने हे कधी केलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे चाल मला येत होती. पुढची ओळ कुठे वळणार, कुठे उडी मारणार, मला आधीच कळत होतं. कुठे ऐकली, कुठे ऐकली, म्हणून मी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत माझी साठ वर्षांची आई तोंडात पदर कोंबून बसली होती. खांदे हलत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बोटं मांडीवर तांदूळ निवडत असल्यासारखी चालली होती.

ती गुणगुण. ही तीच होती.

गाणं संपलं. वाद्यं थांबली, आणि त्या काळच्या रेकॉर्डच्या रीतीप्रमाणे ती बाई एकटीच झोकात म्हणाली, "मी भागीरथाबाई कामठीवाली!"

पंचेचाळीस वर्षांची सवय. दीडशे माणसांनी हात जोडले.

मग मागच्या रांगेतून "वन्स मोअर" आलं आणि सगळा हॉल एकदम बोलायला लागला. शास्त्रीबुवा चालते झाले. कोणी म्हणालं रेकॉर्ड बदलली, कोणी म्हणालं कवडूने बुवांना काही केलं. "अध्यक्षानं बोलावं!" असा गलका झाला तेव्हा मी माईकपुढे गेलो. भाषण खिशात होतं, पण हातात आली ती काडी. तिच्याकडे पाहत मी एवढंच म्हणालो, "मंडळी, मला हे गाणं आवडलं."

माझं हे भाषण समितीला पसंत पडलं नाही. शाल परत घडी करून पेटीत गेली. नारळ मात्र आधीच माझ्या हातात दिलेला होता, तो मी सोडला नाही.

घरी आल्यावर आईने पाणी मागितलं, प्यायली, आणि पुन्हा हसायला लागली. मी काडी तिच्यापुढे धरली.

"अगोबाई," ती म्हणाली, "कुठे होती रे ही?"

मग तिने सांगितलं. अठ्ठावीस साली दादांना नोकरी लागली आणि त्यांनी कोणाला न विचारता ग्रामोफोन आणि ही रेकॉर्ड आणली. माझे आजोबा कडक. बाईचं गाणं, त्यातून असलं, घरात येणं म्हणजे दादांनी घराबाहेर जाणं. आजोबा देवळात गेलेले पाहून दादांनी रेकॉर्ड लावली, आणि आजोबा उपरणं विसरले म्हणून परत आले.

"दारात त्यांची पावलं वाजली तशी ह्यांनी घाबरून तबकडीवर बोट दाबलं. थांबायच्याऐवजी ते गाणं रेंगाळलं. बाईचा बुवा झाला. मामंजी आत आले, उभे राहिले, आणि म्हणाले, 'वा! कोण हे?' ह्यांच्या तोंडून निघालं, 'मौनीबुवा.' मामंजी खाली बसले आणि हात जोडले. सासरा जागा आहे म्हणून ती बाई ओरडून सांगतेय आणि माझा सासरा समोर डोळे मिटून बसलेला. मी पंधरा वर्षांची, दाराआड. हसू आवरता आवरता मला उलटी झाली. त्या रात्रीच ह्यांनी चकती खरवडली आणि तबकडी तशीच संथ फिरावी म्हणून आत कुठेतरी ती काडी बसवली. दुसरी बाजू तर ह्याहून चावट, ती कायमची बंद."

"पण आजोबा गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मग का नाही काढली?"

"काढणार होते ना. तेरावं झालं, त्यानंतरच्या रविवारी सकाळी पेचकस घेऊन बसलेच होते. तेवढ्यात तू अंथरुणातून उठून आलास, ग्रामोफोनपुढे मांडी घातलीस, हात जोडलेस आणि डोळे मिटलेस. ह्यांनी पेचकस खाली ठेवला. मला म्हणाले, 'पोराला गोडी लागलीय. राहू दे.'"

"आई, मी झोपलो होतो!"

"मला माहीत आहे. तुझी लाळ गळत होती."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"त्यांना इतका आनंद झाला होता रे," आई म्हणाली.

सत्तावीस वर्षं दादा दर रविवारी ते रटाळ घुमणं ऐकत होते. मला आवडतं म्हणून. आणि माझ्याकडे बघत बसायचे ते, मी गाण्यात रंगलोय ते बघायला. मी मात्र पोह्यांचा विचार करत होतो. मला रडू आलं. हातात नारळ होता, त्यामुळे डोळेही नीट पुसता येईनात.

"म्हणजे तुम्ही दोघांनी ते गाणं पुन्हा कधीच..."

"वर्षातून एकदा," आई म्हणाली. "मामंजी होते तोवर ते रामटेकच्या जत्रेला गेले की. आणि पुढे तुला दर कार्तिक पौर्णिमेला मामाकडे वर्ध्याला कशाला पाठवत होतो, असं वाटतं तुला? दारं-खिडक्या लावून ऐकायचो. मग हे काडी परत बसवायचे. हे गेले आणि मला ती कुठे बसवलीय ते सापडेना. मग आपलं तोंडाने म्हणायचं."

आणि तेही मी आठ वर्षं म्हणू दिलं नव्हतं.

पुढचा रविवार उजाडला. चंपतराव आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. सातला मी ग्रामोफोन मांडला, दादांच्या खुर्चीत आईला बसवलं आणि काडी तिच्या हातात दिली. "तू सांग. बसवू की नको?"

आईने काडी निरखून पाहिली, त्याच काडीने सावकाश कान कोरला आणि ती खिडकीबाहेर टाकून दिली. "लाव," ती म्हणाली.

भागीरथाबाईंनी कडी हळू वाजवायला सांगितली, आणि त्यांच्या बरोबरीने, शब्दांसकट, आमच्या खिडकीतून गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आई गायली. चारुशीला पोह्यांची कढई घेऊन दारातच उभी राहिली. गाणं संपता संपता समोरून चंपतरावांची आरोळी आली:

"अनंता! झालं गा! लवकर झालं!"

मी आनंदाने वळून पाहिलं. बाजूला लतिका मांडी घालून बसली होती. हात जोडलेले, डोळे मिटलेले, मान जराशी कललेली. चेहरा असा शांत की पाहणाऱ्याला वाटावं, पोरीला गोडी लागली. मला भरून आलं. क्षणभर वाटलं, आता रोज लावू.

मग मी तिचा खांदा धरून गदागदा हलवला.

"खरं सांग. आवडतंय, की झोपलीस?"

तिने दचकून डोळे उघडले, आजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "झोपले होते, बाबा," ती म्हणाली.

"मग आत जाऊन नीट झोप," मी म्हणालो, आणि चावीला आणखी बावीस फेरे दिले.